नकाशाला फुटलेलं शेपूट

४ मार्च

रोजनिशी आजपासून सुरू. आज ऑफिसात माझा अपमान झाला. अपमान शिळा झाला की त्याची धार जाते, म्हणून ताजा असतानाच लिहून ठेवते आहे.

नगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात मी सहायक म्हणून लागले, त्याला आज तेवीस दिवस झाले. नेमणूक अकरा महिन्यांची. कक्ष म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या मागची खोली. दोन टेबलं, एक फोन, न उघडणारी एक खिडकी. आज वार्षिक आराखड्याची मीटिंग होती. मी उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं की आपल्या आराखड्याच्या अठराव्या पानावर 'मच्छीमारांनी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्यात' असं छापलं आहे, आणि आपल्या गावाला समुद्र नाही. ओढा आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ताई, राहू दे ते पान. एकतीस वर्षांत अठराव्या पानापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, तुम्ही पहिल्याच. सगळे हसले. मॅडमही हसल्या. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याधिकारी. पण त्या ओठ दाबून हसल्या, म्हणजे मनातून माझ्याच बाजूने होत्या.

हेडक्लार्क आराखडा कसा करतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मागच्या वर्षीचा काढायचा, वर्ष खोडायचं, नवीन वर्ष घालायचं, खाली 'सालाबादप्रमाणे' असा शेरा मारून सही ठोकायची. म्हणून या वहीत त्यांचं नाव सालाबाद. ऑफिसात काका म्हणावं लागतं. इथे अरे-तुरे.

संकल्प: सालाबादला जन्माची अद्दल घडवणे. सूड म्हणून नाही. तत्त्व म्हणून.

६ मार्च

घरी सांगितलं. आई म्हणाली, मोठ्या माणसांशी कशाला लागतेस. बाबा मशीनवर होते. पॅडल न थांबवता म्हणाले, चूक दाखवलीस ना, झालं तर मग. पुढच्या खोलीतच बाबांचं शिवणकाम. मशीनच्या वर माझी भूगोलाची पदवी फ्रेम करून लावली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गिऱ्हाईक मापासाठी हात वर करून उभं राहिलं की बाबा त्याला ती पदवी वाचायला लावतात. बिचाऱ्याला हलताही येत नाही.

आत्या पलंगावरून म्हणाली, समुद्र नाही हे सांगायला पंधरा वर्षं शिकावं लागलं होय. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे.

१७ मार्च, संध्याकाळी ६

घरी आले तर सालाबाद आमच्याच घरात. बाबांच्या कापड बेतायच्या टेबलाला टेकून, माझ्या कपातून चहा पीत. दर वर्षी तो असा आमच्या खालच्या गल्लीत दारोदार येऊन बसतो म्हणे. कोण आजारी, कोणाला दिवस गेलेत, कोण परगावी आहे, असल्या भोचक चौकशा करतो आणि एका पाठ फाटलेल्या वहीत लिहितो. तो आत्याशी गप्पा मारत होता तेवढ्यात मी वही चाळली. घर तीन: सून पोटुशी, जुलैअखेर. घर पाच: आजोबा ऐकत नाहीत, नातीला पुढे करावे. घर सहा, म्हणजे आम्ही: आत्या, गुडघे, उचलाव्या लागतील, ओरडतील.

टक्केवारी नाही. आलेख नाही. रकाने नाहीत. याला हे लोक पूर्वतयारी म्हणतात.

कप दोनदा घासला.

२ एप्रिल

मॅडमनी धोक्याचा नकाशा करायचं काम मला दिलं. मलाच. तीन रंग. लाल घरं म्हणजे इशारा होताच ट्रकच्या पहिल्या फेरीत बाहेर. पिवळी दुसऱ्या फेरीत. हिरवी म्हणजे सुरक्षित, तिथल्यांनी घरातच थांबायचं. लाल घराला शिवाय एक दोर, एक रबरी ट्यूब आणि दारावर पाटी.

काम खालच्या गल्लीपासून सुरू केलं, ओढा तिला खेटूनच आहे. सालाबाद मागून डोकावला. म्हणाला, स्वतःच्या गल्लीपासूनच का ताई. आपल्या पोळीवर तूप ओढायलाही कॉलेजात शिकवतात वाटतं.

जेवण गेलं नाही.

३ एप्रिल

उत्तर सापडलं. आमचं घर हिरवं.

आता बोल म्हणावं. स्वतःच्या घरासाठी एक ट्यूबसुद्धा न घेणारी कर्मचारी या नगरपालिकेत दुसरी दाखवा. पण लाल ओळीत एकटंच हिरवं घर पक्षपात केल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून ओढ्याकडची आमची अख्खी ओळ, सातही घरं, हिरवी केली. समोरची ओळ लाल ठेवली.

तसाही आमच्याकडे पूर येत नाही. पाणी येऊन जातं. घरात सगळे असंच म्हणतात, पाहुणा येऊन गेल्यासारखं. मागच्या खेपेला मशीनच्या पॅडलपर्यंत आलं होतं, त्याच्या आधी जरा वर. भिंतीवर जो डाग आहे तो ओलीचा.

४ एप्रिल

आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरने नकाशा उभा-आडवा करून पाहिला. म्हणाला, म्हणजे ताई, पाणी ओढ्यातून निघणार, ही सात घरं टाळणार आणि समोरच्या ओळीवर उडी मारणार. मी त्याला नकाशा कसा वाचायचा ते वीस मिनिटं समजावलं. तो हो हो म्हणाला. कमी शिकलेल्या माणसाला समजावून सांगण्यात एक वेगळंच समाधान असतं.

११ एप्रिल

आज मोठं काम झालं.

सालाबादचं घर चढावर, पार वरच्या टोकाला. दुमजली, पुढे अंगण, लोखंडी फाटक. एकतीस वर्षं पाणी बघितलं म्हणून चढावर बांधलं, असं दिवसातून एकदा ऐकवतो. आज मुद्दाम त्या रस्त्याने गेले. घरामागच्या दगडी भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा आहे. रस्त्यावरून स्वच्छ दिसला. तडा म्हणजे दरड. दरड म्हणजे लाल. शास्त्र कुणाची सिनिऑरिटी बघत नाही.

अडचण एकच. लाल विभाग सलग असला पाहिजे असा नियम आहे (मीच केला आहे). म्हणून खालच्या गल्लीपासून चढावर एक चिंचोळा लाल पट्टा काढला. मधली घरं दोन्ही बाजूंनी चुकवत चुकवत तो बरोबर सालाबादच्या फाटकाशी संपतो. लांबून पाहिलं तर नकाशाला शेपूट फुटल्यासारखं वाटतं. असू दे. निसर्ग वेडावाकडाच असतो.

ट्रकची फेरी लांबच्या टोकापासून सुरू करायची असंही लिहिलं. म्हणजे सर्वांत आधी ट्रक त्याच्या दारात. अख्ख्या चढासमोर, बॅग घेऊन, ट्रकच्या हौद्यात चढताना बघायचाय मला तो.

२८ एप्रिल

नकाशा मंजूर. मॅडम म्हणाल्या, रंग छान आलेत.

सालाबादने नकाशा नाकाशी धरून पाहिला. म्हणाला, ताई, माझं घर लाल. मी म्हणाले, खेद आहे काका. म्हणाला, आणि तुमचं हिरवं. मी म्हणाले, हो. मग तो मॅडमना म्हणाला, ओढ्याकडची ओळ एकदा जाऊन बघितली असती तर बरं. मॅडम म्हणाल्या, शिकलेल्या मुलीने केलंय ते, तुम्हीही आता थोडं नवीन शिका.

हे वाक्य मी घरी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, पाठ झालं, आता पुढचा धडा घे.

६ मे

आणखी एक विजय. कामाच्या वेळात हेडक्लार्क खासगी घरांत बसून चहा पितात, अशी टिपणी मी मॅडमकडे ठेवली होती. आज आदेश निघाला. लेखी परवानगीशिवाय जागा सोडायची नाही. सालाबादने 'वाचले' लिहून सही केली. मग ती फाटकी वही माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, गल्लीत आता मी जाणार नाही, ही तुम्हाला लागेल. निम्मी घरं झालीत, निम्मी राहिलीत.

माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. आता टेबल हलत नाही.

१९ मे

सालाबादच्या फाटकावर लाल पाटी लागली. 'अतिधोकादायक विभाग.' मी समोरच्या झाडाखाली उभी राहून पाहिलं. त्याच्या बायकोने पाटीच्या खिळ्याला फुलझाडाची कुंडी टांगली. ट्यूब झाडाला बांधून नातीला झोका केलाय.

हे शासकीय साहित्याच्या गैरवापरात बसतं का, बघितलं पाहिजे.

१२ जून

आज रंगीत तालीम. सकाळी दहाला भोंगा. ट्रक नियमाप्रमाणे थेट सालाबादच्या फाटकाशी. मी तिथेच होते, फोटो काढून घ्यायला. तो आणि त्याची बायको आधीच तयार. इस्त्रीचे कपडे, थर्मास, छत्री. बायको म्हणाली, खिडकीजवळची जागा आहे का. चढावरची माणसं गॅलरीतून हात हलवत होती आणि ही दोघं परत हात हलवत होती, सहलीला निघाल्यासारखी.

जो चेहरा बघायचा होता तो दिसला नाही. फोटोत मी डोळे मिटलेत.

समोरच्या लाल ओळीतले सगळे कामावर गेलेले होते, त्यामुळे बाहेर काढले गेलेले नागरिक एकूण दोन. उद्दिष्टही हजर असलेल्यांचंच होतं, म्हणून अहवालात शंभर टक्के लिहिलं.

घरी विचारलं, भोंगा ऐकू आला का. आई म्हणाली, कसला भोंगा. भोंग्याचं तोंड चढाकडे आहे. पण आम्ही हिरवे, आम्हाला भोंगा लागतच नाही.

२ जुलै

आत्याने विचारलं, का गं, यंदा तुझा तो काका पुन्हा आला नाही. मी म्हणाले, बंद केलं त्यांचं येणं, आता सगळं नकाशावर आहे. बाबांचं पॅडल थांबलं. म्हणाले, पाणी चढायच्या आधी ते माणूस पाठवायचे. मी म्हणाले, आता पद्धत बदलली बाबा. ते जरा वेळ सुईत बघत राहिले, मग म्हणाले, बरोबर आहे, आता तू आहेस.

शेजारच्या काकू विचारायला आल्या, पाणी आलं तर यंदा कसं करायचं. बाबाच म्हणाले, काळजी नको, आराखडा आमच्या मुलीने केलाय. काकू म्हणाल्या, मग काय, घरचीच मुलगी.

इतका आदर या गल्लीत मला कधी मिळाला नव्हता. सालाबादने ऐकायला हवं होतं.

१९ जुलै, सकाळी ११.१०

तीन दिवस पाऊस. वरच्या तलावाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आला. मी मॅडमना फोन करून दुसऱ्या पातळीचा इशारा जाहीर केला. मनातून आनंद झाला. आपत्तीचा नव्हे. सज्जतेचा.

११.२५

ट्रक रवाना. पहिला थांबा शेपटाचं टोक. आज तालीम नाही.

११.४०

सालाबाद जागेवरून उठला. म्हणाला, ताई, ट्रक आधी तुमच्या ओळीला वळवा. मी म्हणाले, आराखडा. म्हणाला, आराखडा राहू दे, पुलाखाली आवाज बदललाय, तासाभरात पाणी घरात असेल. मी म्हणाले, आवाज कुठल्या पानावर आहे. म्हणाला, ताई, तुमच्या आत्या आहेत तिथे. मी म्हणाले, कृपया व्यक्तिगत बोलू नका. परवानगीशिवाय जागा सोडता येणार नाही, याचीही आठवण करून दिली.

बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं.

११.५०

बाबांचा फोन. पाणी पायरीला लागलंय, काय करू. मी पान नऊ वाचून दाखवलं. हिरव्या विभागातील नागरिकांनी न घाबरता घरातच थांबावे. बाबा म्हणाले, शेजारचे निघायचं म्हणतायत. मी म्हणाले, थांबवा त्यांना, रस्त्यावर गर्दी झाली तर ट्रकला अडथळा होईल. बाबा म्हणाले, तू शिकलेली आहेस, तू म्हणतेस तर थांबतो. मागून आत्याचा आवाज आला, तिला विचार, ओढ्याला कळवलंय का आपण हिरवे ते.

१२.०५

ड्रायव्हरचा फोन. सालाबादची बायको घर सोडायला तयार नाही. म्हणते अंगण कोरडं ठणठणीत आहे, डाळ शिजतेय. मी सांगितलं, नियम म्हणजे नियम, बाहेर काढा. ड्रायव्हर म्हणाला, तुम्हीच या आणि काढा.

१२.१०

सालाबाद उठून निघून गेला. लेखी परवानगी नाही. छत्रीही नेली नाही. वेळ नोंदवली आहे. हीच ती संधी. कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा सुरू.

१२.३०

घरी फोन केला. उचलला नाही. बाबा मशीन उचलून टेबलावर ठेवत असतील.

मसुदा: 'आपत्तीच्या ऐन प्रसंगी आपण जबाबदारीच्या जागेवरून पळ काढला.' पळ काढला की पलायन केले? पलायन.

१२.३५

उचलला नाही.

१२.४०

शेजारच्या काकूंना लावला. लागत नाही.

१२.५०

नोटीस पूर्ण. अक्षर खराब आलं. पुन्हा लिहावी लागणार. घरी कुणीच फोन उचलत नाही. हिरवा आहे. हिरवाच आहे.

१२.५५

निघते. परवानगी कुणाकडे मागायची, कक्षात मी एकटीच आहे.

२० जुलै

सालाबादच्या घरी वरच्या मजल्यावर बसून लिहिते आहे. शांतपणे, क्रमाने लिहायचं ठरवलंय.

मी खालच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. कुलपं दुरुस्त करणाऱ्याची टपरी असते तिथे मांडीपर्यंत पाणी. आमच्या दाराचा वरचा अर्धाच भाग दिसत होता. मी हाका मारल्या. समोरच्या ओळीतला एक माणूस गच्चीवरून ओरडला, कुणी नाही आत, सगळे वर गेले, चढावर. लाल ओळीतले बाकीचे लोक मागच्या बोळाने आपापले चालत निघून गेले होते. ट्रकची वाट कुणीच पाहिली नव्हती.

चढ चढून आले. लाल पाटीखालून आत शिरले. अंगण कोरडं. ओसरीवर आमच्या ओळीची एकतीस माणसं. सालाबादच्या बायकोने मला आधी पाय पुसायला लावले, मग टॉवेल दिला.

घडलं असं. सालाबाद भिजत आपल्या घरी गेला, दारात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, चल खाली. घर तीनची सून पहिली. घर पाचच्या आजोबांना नातीने हाताला धरून आणलं. वही माझ्या टेबलाच्या पायाखाली होती, पण त्याला बघायची गरज पडली नाही. आमच्या घरात तोवर कमरेइतकं पाणी. आत्याला कापड बेतायच्या टेबलावर निजवून चौघांनी चार पाय धरून बाहेर काढलं. ती ओरडली. ट्रकपर्यंत ओरडत होती आणि वर येऊनही तासभर ओरडत होती. मला बघितल्यावर मात्र गप्प झाली. टेबल आलं, मशीन राहिलं.

आईने एक गोष्ट सांगितली. ती लिहायची की नाही ते ठरत नव्हतं. पाणी घोट्याला लागलं तेव्हा शेजारच्या काकू मुलांना घेऊन निघाल्या होत्या. बाबा दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, मुलीशी फोनवर बोललोय, थांबायचंय. मग प्रत्येक दारात जाऊन त्यांनी तेच सांगितलं. सातही घरं बाबांच्या शब्दावर थांबली. गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर काकूंनी विचारलं, अजून थांबायचं का हो. बाबा म्हणाले, ती खोटं नाही सांगायची.

मी खोटं सांगितलं नव्हतं. पान नऊवर तसंच आहे.

खिडकीतून मागची दगडी भिंत दिसते. तडा म्हणजे वाळलेली वेल आहे. लांबून तड्यासारखीच दिसते. कुणालाही दिसली असती.

२१ जुलै

थंड डोक्याने विचार केला. वस्तुस्थिती अशी: आपत्तीच्या काळात लाल विभागात पोचलेला एकही नागरिक दगावला नाही. किंबहुना सर्वांत सुरक्षित जागा लाल विभागातच निघाली. हे अहवालात कसं मांडायचं ते बघावं लागेल.

बाबा ओसरीवर बसलेले असतात. शेजारच्या काकू त्यांच्याशी बोलत नाहीत. भांडतही नाहीत. चहा आला की त्यांच्यासमोरचा कप उचलून पलीकडे जातात. मला बाबांनी एकदा फक्त विचारलं, ट्रक होता ना गं तुमच्याकडे.

२९ जुलै

चौकशी झाली. मला वाटलं, आज सालाबाद डाव साधणार. मी उत्तरं पाठ केली होती, त्याचं ते होड्यांचं अठरावं पानही बरोबर नेलं होतं. मॅडमनी विचारलं, ट्रक इतक्या लवकर कसा मिळाला. सालाबाद म्हणाला, ताईंच्या आराखड्यामुळे माझ्या दारातच उभा होता, नाहीतर शोधत बसावं लागलं असतं. सगळे हसले. या वेळी कुणी ओठ दाबले नाहीत.

उपकार करून अपमान करायची ही जी कला आहे, तिचाही बदला घेतला जाईल. कसा ते सुचत नाही.

नोटीस फाडली. अक्षर खराब होतं म्हणून.

३ ऑगस्ट

घर धुवून झालं. चिखल सहा पाट्या. मशीन उघडून वाळत ठेवलंय, मिस्त्री म्हणाला, आशा धरू नका. बाबा हाताने काज-बटणं करतात. आत्याला बाबांनी विचारलं, गुडघा कसा आहे. ती म्हणाली, गुडघ्याला काय धाड भरलीय, तू आधी जेव.

नेमणूक रद्द होईल असं वाटलं होतं, झाली नाही. म्हणजे माझ्या कामाची कुठेतरी दखल आहे. (ड्रायव्हर म्हणतो, काकांनी शब्द टाकला. ड्रायव्हर काहीही बोलतो.)

१६ ऑगस्ट, दुपारी

नवीन नकाशाआधी घरोघर जाऊन माहिती घ्यायची असा मॅडमचा हुकूम. फॉर्म मी तयार केला, चौदा रकाने. आज आमच्या ओळीपासून सुरुवात. सातवा रकाना: इशारा मिळाल्यास आपण कोणाच्या सांगण्यावरून घर सोडाल. पर्याय दिले आहेत. भोंगा, फोन, आपत्ती कक्ष, इतर.

घर एक: इतर, हेडक्लार्क काका. घर दोन: तेच. घर तीन, बाळ मांडीवर घेऊन: तेच. घर चार, पाच: तेच. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, सगळ्यांनी जे लिहिलं असेल ते लिही. मला आत बोलावलं नाही. सहा घरं, एकच उत्तर. सर्वेक्षणात इतकी एकवाक्यता सहसा मिळत नाही.

आमचं घर शेवटी ठेवलं होतं. मी म्हणाले, बाबा, आपलं मीच भरून टाकते. ते म्हणाले, नको, नीट विचार, सगळ्यांना विचारलंस तसं. हातातला शर्ट बाजूला ठेवला, मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. मी एकेक रकाना वाचला. माणसं किती. आजारी कोण. उचलावं लागेल असं कोण. आत्या पलंगावर होती. ती काहीतरी लागेल असं बोलेल म्हणून मी थांबले. बोलली नाही.

सातव्या रकान्याला बाबांनी चारही पर्याय पुन्हा वाचायला लावले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, काकांच्या, असं लिही.

लिहिलं.

त्यांनी चष्मा लावून खाली सही केली. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, अजून कुठे सही लागते का. मी नाही म्हणाले.